मँचेस्टर युनायटेड: प्रशिक्षक किती बदलणार? आणि नाशकात बसून आपण काय करायचं?

गोदाकाठचा_लाल

जून २०२५. नुकत्याच संपलेल्या २०२४-२५च्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये १५वा क्रमांक. ३८ सामन्यांत ४२ गुण, १८ पराभव. बिलबाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून १-० अशी घालवली, म्हणजे पुढच्या मोसमात युरोपातल्या कुठल्याच स्पर्धेत आपण नाही. १९७४ साली युनायटेड खालच्या विभागात घसरलं होतं, त्यानंतर इतका वाईट मोसम झालेला नाही. आणि आपल्याकडे चर्चा काय चाललीय, तर प्रशिक्षक अमोरिमला काढा.

माझं म्हणणं असं की प्रशिक्षकावर बोलण्यात आपण वेळ घालवतोय. २०१३ला प्रशिक्षक फर्ग्युसन गेले. तेव्हापासून मॉइज, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोलशायर, रांगनिक, टेन हाग आणि आता अमोरिम. एकाचीही खेळण्याची पद्धत दुसऱ्याशी जुळत नाही. प्रत्येकाने आपल्या पद्धतीचे खेळाडू मागितले, क्लबने ते चढ्या भावाने आणले, मग त्याला घालवलं आणि त्याचे खेळाडू पुढच्याच्या गळ्यात मारले. टेन हागचंच बघा. २०२४च्या मे महिन्यात मँचेस्टर सिटीला हरवून त्याने एफए कप जिंकला. जुलैत त्याचा करार वाढवला. उन्हाळ्यात त्याच्यासाठी डी लिख्ट, मझरावी, झिर्कझी, उगार्ते, योरो आणले. ऑक्टोबरअखेर त्याला काढलं! मग जो माणूस तीन बचावपटू लावूनच खेळतो, त्याला मोसमाच्या मध्यात आणून या संघावर बसवलं. त्या पद्धतीला लागणारे विंगबॅक, म्हणजे दोन्ही कडांनी वर-खाली धावणारे खेळाडू, कुठे आहेत, हे कोणी विचारलंच नाही.

कुठला खेळाडू घ्यायचा, का घ्यायचा, हे ठरवणारी एक जबाबदार जागा या क्लबमध्ये बारा वर्षांत उभी राहिली नाही. आणि ती उभी करणं मालकांचं काम आहे.

तर प्रश्न असा. क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमपासून इतक्या लांब बसलेल्या आपल्यासारख्यांनी काय करावं? मी ठरवलंय, ग्लेझर कुटुंबाकडे क्लबचा ताबा आहे तोवर नवी जर्सी घेणार नाही, क्लबचं अधिकृत काहीही घेणार नाही. मॅच बघणार, ते सुटणं शक्य नाही. तुम्ही काय करताय?

सिडको_स्ट्रायकर

मॅच बघतोयस म्हणजे पैसे देतोयसच ना भो. सबस्क्रिप्शन काय फुकट येतं का?

गोदाकाठचा_लाल

ते पैसे आधी लीगला जातात, मग वीस क्लबांत वाटले जातात. त्यातला काही वाटा इप्सविचलाही जातो, त्याला माझी हरकत नाही.

आकडेमोड

मी सीए आहे, त्यामुळे माझी नजर आधी ताळेबंदावर जाते. धागाकर्त्याच्या मुद्द्याला थोडा आधार देतो.

२००५ साली ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि ते कर्ज क्लबवरच चढवलं. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. आपल्याच खरेदीचं व्याज क्लब वीस वर्षं आपल्याच तिकिटांतून आणि जाहिरातींतून भरतोय. हे कायद्यात बसतं, म्हणून तर जास्त चीड येते.

दुसरं, मॅकटॉमिनेचं. लहानपणापासून युनायटेडच्या अकादमीत वाढलेला मुलगा गेल्या ऑगस्टमध्ये सुमारे अडीच कोटी पौंडांना नापोलीला विकला. का विकला, ते समजून घ्या. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकतात. समजा ८ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर दर वर्षी १ कोटी ६० लाख. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत उरते ४ कोटी ८० लाख. तेव्हा तो ४ कोटींना विकला तरी पुस्तकात ८० लाखांचा तोटाच. अकादमीतल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे तो विकला की येतील तेवढे पैसे सगळे नफ्यात.

म्हणजे बाहेरून आणलेल्या अँटनीसाठी ८ कोटींच्या वर, सँचोसाठी ७ कोटींच्या वर घालवायचे, आणि ते भोक बुजवायला आपल्याकडेच वाढलेला मुलगा विकायचा. तोच मॅकटॉमिने गेल्या महिन्यात नापोलीबरोबर सेरी आ, म्हणजे इटलीची लीग, जिंकला आणि त्या लीगचा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतून आलेला किमान एक खेळाडू असतो. त्या क्लबात असं व्हावं, याचं मला हरलेल्या फायनलपेक्षा जास्त वाईट वाटतं.

पंचवटी_टॉकीज

मॅकटॉमिनेचा परिच्छेद दोनदा वाचला. हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. धन्यवाद साहेब.

ॲनफिल्डची_लेक

लिव्हरपूलवाली आहे, आधीच सांगते. विसाव्या विजेतेपदाच्या शुभेच्छा सगळ्यांकडून स्वीकारल्या जातील. आता तुमच्याशी बरोबरी झाली, पुढच्या वर्षी बघू.

थट्टा पुरे. हा धागा मला मनापासून आवडला, कारण आम्ही यातून गेलोय. २००७ला हिक्स आणि जिलेट नावाचे दोन अमेरिकन मालक आले, त्यांनीही कर्ज काढूनच क्लब घेतला होता. नवीन स्टेडियमचं आश्वासन दिलं, एक वीट लागली नाही. २०१०मध्ये कर्ज फेडायची वेळ आली, प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि क्लब आताच्या मालकांकडे आला. तोवर लोक गप्प बसले नव्हते. २००८लाच चाहत्यांनी संघटना बांधली होती, मोर्चे काढले होते, बँकांना पत्रं पाठवली होती.

आणि आताचे मालक चांगले म्हणून आम्ही त्यांना मोकळं सोडलं, असंही नाही. २०१६च्या फेब्रुवारीत त्यांनी काही तिकिटं ७७ पौंडांची करायचं ठरवलं. सुंदरलंडविरुद्ध ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर पडले. लिव्हरपूल २-० पुढे होतं, सामना २-२ सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

तुमच्याकडे याच मोसमाच्या मध्यात उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड केली. लहान मुलं, म्हातारी माणसं, कोणालाच सवलत नाही. आपल्या हिशोबात एका सामन्याचे साडेसात हजार रुपये. लोक निषेधाला उभे राहिले, पण ७७व्या मिनिटासारखं काही झालं नाही. लाल दादा, मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एकेकट्याने जर्सी न घेतल्याने मालकाला काहीच कळत नाही. सगळ्यांनी मिळून एकाच वेळी काहीतरी केलं, तर कळतं.

गोदाकाठचा_लाल

ताई, २००५ आणि २०१०चं विसरू नका. २००५ला ग्लेझरांच्या निषेधात काही चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला, तो आजही खेळतोय. २०१०ला क्लबच्या जुन्या रंगांचे हिरवे-सोनेरी स्कार्फ घालून अख्खं स्टेडियम भरलं होतं. २०२१च्या मेमध्ये लोक मैदानात घुसले, तुमच्याविरुद्धचाच सामना पुढे ढकलावा लागला होता. या मार्चमध्येही आर्सेनलच्या सामन्याआधी काळे कपडे घालून मोर्चा निघाला. आमच्याकडे लोक उठत नाहीत असं नाही. मालक ढिम्म आहेत.

ॲनफिल्डची_लेक

मान्य. हिरवे-सोनेरी स्कार्फ मलाही आठवतात. मिलानकडून खेळायला आलेल्या बेकहॅमने सामना संपल्यावर एक उचलून गळ्यात घातला होता.

नाईटशिफ्ट_अंबड

तुम्ही सगळे ग्लेझर ग्लेझर करताय. आता फुटबॉलचा कारभार सर जिम रॅटक्लिफ बघतात, २०२४च्या फेब्रुवारीपासून. जवळपास २९ टक्के भाग त्यांचा. त्यांच्याबद्दल कोणी बोलेल का?

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं काढली. नवं व्यवस्थापन आलं आणि पहिल्याच महिन्यात कॅन्टीनचं अनुदान गेलं, रात्रपाळीचा दुसरा चहा बंद झाला. वरच्या मजल्यावर केबिनच्या काचा बदलायचं काम मात्र चालू होतं. लोकांनी काम सोडलं नाही, कामावर यायचेच. पण पूर्वी पाळी संपली की ऑपरेटर दोन मिनिटं थांबून पुढच्या माणसाला सांगायचा, की मशीन आज डावीकडे ओढतंय, टूल बदलून घे. ते थांबलं. साडेअकराचा भोंगा झाला की हात पुसून सरळ गेटवर. दोन-तीन महिन्यांत रिजेक्शन इतकं वाढलं की वाचवलेल्या चहाचे पैसे कुठल्या कुठे गेले.

युनायटेडमध्ये आधी २५० लोक काढले, मग आणखी २०० पर्यंत काढणार म्हणून जाहीर केलं. स्टेडियमवरच्या कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद केलं. फर्ग्युसनचा क्लबचा दूत म्हणून असलेला करारही संपवला. आणि त्याच मोसमात टेन हाग, त्याचे सहकारी आणि डॅन ॲशवर्थ यांना घालवायला १ कोटी ४५ लाख पौंड मोजले. हा ॲशवर्थ म्हणजे खेळाडू कोण घ्यायचा हे ठरवायला आणलेला माणूस. न्यूकॅसलकडून त्याला सोडवून आणायला महिनोन्महिने भांडले. जुलैत रुजू झाला, डिसेंबरमध्ये बाहेर. लालभाऊ, तुम्ही म्हणता ती एक जबाबदार जागा, ती रॅटक्लिफनी भरली होती आणि पाच महिन्यांत रिकामीही केली.

किट सांभाळणारी, तिकीट खिडकीवरची, स्वयंपाकघरातली माणसं काढून कुठलाही संघ पंधराव्या नंबरवरून वर येत नाही.

वॉर्ड_नंबर_सात

नाईटशिफ्ट दादा, जेवणाचा मुद्दा पटतो, पण दुसरी बाजूही बघा. रॅटक्लिफ यांनी मार्चमध्ये सांगितलं की काटकसर केली नसती तर वर्षाअखेर क्लबकडे रोकडच उरली नसती. हे खरं असेल तर कोणीतरी कडू औषध द्यायलाच हवं होतं. वीस वर्षांची घाण दीड वर्षात कशी निघणार?

नाईटशिफ्ट_अंबड

औषध द्या ना. आधी ज्याने आजारी पाडलं त्याला द्या. मालकांनी आधीच्या वर्षांत लाभांश म्हणून किती काढले, ते आकडेमोड साहेबांना विचारा.

आकडेमोड

लाभांश बरीच वर्षं नियमित घेतला, २०२२नंतर थांबला. इतर मोठ्या इंग्लिश क्लबांचे मालक असा सरसकट लाभांश घेत नव्हते, एवढं नक्की.

देवळाली_कॅम्प

एका गोष्टीवर अजून कोणी बोललेलं नाही, म्हणून लिहिते. २०२४च्या १२ मेला महिलांच्या संघाने वेम्बलीवर टॉटनहॅमला ४-० हरवून एफए कप जिंकला. क्लबच्या इतिहासातली त्यांची पहिली मोठी ट्रॉफी. रॅटक्लिफ तिथे नव्हते, त्याच दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर पुरुषांचा आर्सेनलशी सामना होता, ते तिकडे गेले. पुरुष हरले. आणि त्याच दिवशी पाऊस झाला आणि छताच्या कोपऱ्यातून पाण्याची धार सरळ खुर्च्यांवर पडतेय, हा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला.

नंतर कॅरिंग्टनच्या सराव केंद्राचं नूतनीकरण काढलं, तेव्हा पुरुषांना महिलांच्या इमारतीत हलवलं आणि महिलांना तात्पुरत्या केबिनमध्ये. कप जिंकलेल्या संघाला! माझी मुलगी बारा वर्षांची आहे, इथे देवळालीत मुलांच्या बरोबरीने खेळते. तिने मला विचारलं की जिंकलेल्यांना का हलवलं. मी काय सांगणार?

कारभार कसा चालतो हे बघायचं असेल तर पहिल्या संघाकडे बघूच नका. जिथे कॅमेरा नसतो तिथे बघा.

पंचवटी_टॉकीज

ताई, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन.

निफाडची_बाग

मी कमी लिहितो, पण प्रशिक्षक बदलण्यावरून आमच्या धंद्यातलं सांगतो. आम्ही आधी रूटस्टॉक लावतो, तो धरला की त्यावर कलम करतो. पहिलं पीक हातात यायला दीड-दोन वर्षं. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मधल्या काळात काडी तयार व्हावी लागते. एखाद्याने यंदा थॉमसन, पुढच्या वर्षी शरद, त्याच्या पुढच्या वर्षी सोनाका असं कलम बदलत बसलं, तर खोड जाड होईल, मांडवाचा खर्च होईल, घड लागणार नाही. युनायटेडचं अगदी तेच झालंय. अमोरिमला राहू द्या.

फर्ग्युसन १९८६च्या नोव्हेंबरमध्ये आले. पहिल्या चार मोसमांत अकरावा, दुसरा, अकरावा, तेरावा. १९९०ला एफए कप मिळाला तेव्हा कुठे लोकांचा धीर बसला.

सिडको_स्ट्रायकर

काका, आदर ठेवून असहमत. प्रत्येक हरणाऱ्या प्रशिक्षकाच्या बाजूने फर्ग्युसनची १९८६ ते ९० ही गोष्ट काढतात. मॉइजच्या वेळीही काढली होती, सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढला. धीर धरायला काहीतरी दिसावं लागतं. अमोरिमचे लीगमधले २७ सामने, २७ गुण. ७ विजय, १४ पराभव. संघाला ३-४-३ ही तीन बचावपटूंची मांडणी झेपत नाही हे आंधळ्यालाही दिसतंय आणि तो म्हणतो पद्धत बदलणार नाही. फायनलला गार्नाचो बाकावर, माउंट मैदानात. चेंडूवर ताबा बहुतेक आपला आणि गोल एकही नाही.

आणि तो एक प्रसंग. टॉटनहॅमचा गोलरक्षक विकारिओच्या हातून चेंडू निसटला, आपल्या होयलंडचं हेडर गोलात चाललं होतं, आणि त्यांच्या व्हॅन डे व्हेनने हवेत आडवं होऊन गोललाइनवरून पायाने तो बाहेर काढला. मी उठून उभा राहिलो होतो, हात वर गेले होते. रात्री दोनच्या सुमाराला अख्खी कॉलनी झोपलेली, मी तसाच उभा.

निफाडची_बाग

पोरा, तो फटका गेला असता तर आज तू अमोरिमचं कौतुक करत असतास. म्हणूनच एका रात्रीवरून प्रशिक्षक ठरवू नये म्हणतो.

ॲनफिल्डची_लेक

काकांच्या बाजूने. क्लॉप पहिल्या मोसमात आठवे होते आणि युरोपा लीगची फायनल हरले होते. पण सिडकोकर, तुमचंही बरोबर आहे. क्लॉपला जे खेळाडू मिळाले ते निवडणारं वेगळं खातं होतं. सालाहला विकत घ्या, असा त्या लोकांनीच आग्रह धरला. प्रशिक्षकाला वेळ द्यायचा असेल तर त्याच्या मागे ते खातं हवं. गेल्या वर्षी क्लॉप गेले, स्लॉट आले, नवीन फारसं कोणी घेतलंही नाही आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकली. माणूस बदलला, खातं तेच राहिलं.

गोदाकाठचा_लाल

मला पहिल्या पोस्टमध्ये हेच म्हणायचं होतं, तुम्ही जास्त नीट मांडलंत.

पेठेतला_पाहुणा

मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे सातपूरला. तुमची सगळ्यांची चर्चा वाचून एकच विचारतो, मालक कशाला पायजे?

आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पाय ठेवायला जागा नसते. खंडोबा, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, सगळे तालमीचे नाहीतर मंडळाचे संघ. संघ पेठेचा असतो. पैसे पेठेतून गोळा होतात. बाहेरून खेळाडू आणला आणि तो चालला नाही, तर ज्यांनी आणला ते दुसऱ्या दिवशी चौकात चहाला येतात, तिथे त्यांना जाब द्यावा लागतो. ते फ्लोरिडात जाऊन बसू शकत नाहीत.

आमच्या मातीतला अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. असल्या मैदानांवरूनच आला.

वॉर्ड_नंबर_सात

पाहुणे, कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल आदरच आहे. पण ईर्ष्येपायी सामन्यात हाणामारी होते, सामने थांबतात, हेही सांगा. जाब विचारणं चांगलं, दगड नाही.

पेठेतला_पाहुणा

ते होतं आणि वाईटच आहे. आमच्यातलीच जाणती माणसं त्यावर बोलतात. पण त्यावर बोलायला आमची माणसं समोर आहेत, हाच माझा मुद्दा.

इगतपुरी_बायपास

विषय थोडा वळवतो. तुम्ही सगळे मँचेस्टरच्या मालकांवर इतकं तळमळून लिहिताय. आपल्याच राज्यात काय झालं, त्यावर असा एक तरी धागा निघाला का?

महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ २००६ला राष्ट्रीय लीग जिंकला होता, २०१०ला कंपनीने बंद केला. पुण्यात पुणे एफसी होता, बंद. भारत एफसी एक मोसम खेळला, बंद. डीएसके शिवाजियन्स, बंद. एफसी पुणे सिटी २०१४ पासून आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग), २०१९ला तोही गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मी पुणे सिटीचे सामने बघायला बालेवाडीला जायचो. आमचा एक ठरलेला कोपरा होता, ढोल होता, ओळखी झाल्या होत्या. एक दिवस बातमी आली की आता क्लब नाही. पंधरावा नंबर परवडला हो, पंधराव्या नंबरवर रडायला क्लब तरी असतो.

आता महाराष्ट्रात आयएसएलमध्ये उरलाय तो मुंबई सिटी. त्याचा मोठा हिस्सा २०१९ला मँचेस्टर सिटीच्याच मालकांनी घेतला होता, हे लाल मंडळींना पचणार नाही, माहीत आहे. पण त्यांनी २०२०-२१ला लीग आणि कप दोन्ही जिंकले, २०२४ला पुन्हा कप. कारभार बरा असला की काय होतं, ते आपल्याकडेच दिसतंय. आणि आता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा परवाच खुला झाला, कसारा घाटाची कटकट गेली. अंधेरीला सामना बघून रात्री परत येता येईल. येताय का कोणी?

सिडको_स्ट्रायकर

मॅच बघायला येतो. निळा शर्ट घालणार नाही.

देवळाली_कॅम्प

मुलीला घेऊन यायला आवडेल. मोसम सुरू झाला की इथे लिहा.

आकडेमोड

इगतपुरीकरांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे क्लब बंद होतात कारण मालकाला त्यातून मिळकत नाही. तिकडे मोठे क्लब बंद होत नाहीत आणि मालक जातही नाहीत, कारण खेळ कसाही झाला तरी मिळकत आहे.

यावरून मूळ प्रश्नाकडे येतो. लालभाऊ, जर्सी न घेण्याने तुमच्या मनाला बरं वाटेल, पण हिशोब ऐका. आदिदासबरोबरचा करार २०३५ पर्यंतचा, दहा वर्षांचे किमान ९० कोटी पौंड ठरलेले आहेत. नाशकात दोनशे जर्सी कमी खपल्याने ती किमान रक्कम हलणार नाही. त्याच करारात दुसरं एक कलम आहे. पुढच्या मोसमापासून चॅम्पियन्स लीगमध्ये नसलेल्या प्रत्येक वर्षाचे १ कोटी पौंड कापले जाणार. मालकाला लागतं ते इथे, संघ हरल्यावर.

गोदाकाठचा_लाल

म्हणजे आम्ही संघ हरायची वाट बघायची? ते जमणार नाही.

पंचवटी_टॉकीज

थांबा. आकडेमोड साहेब, एक गोष्ट राहतेय. मोसम संपला २५ मेला, आणि २८ला सगळा संघ क्वालालंपूरला. दमलेले, पडलेले चेहरे, आसियानच्या निवडक संघाकडून १-० हरले, तिथे लोकांनी हुर्यो उडवली. पुढे हाँगकाँग. ती टूर कशासाठी होती? पैशासाठी. कोणाच्या पैशासाठी? आपल्यासारख्यांच्या. आशियात एवढे चाहते आहेत, हे दाखवूनच जाहिरातदार आणतात. मग आपल्या म्हणण्याला किंमत नाही असं कसं?

मलेशियातल्या लोकांनी पैसे मोजून तिकीट काढलं आणि तोंडावर नाराजी दाखवली. ती बातमी जगभर गेली. एक जर्सी न घेण्याची बातमी होत नाही, हे ॲनफिल्डच्या ताई म्हणाल्या ते बरोबर. पण दिसेल असं काही केलं तर होते.

नाईटशिफ्ट_अंबड

मग कॉलेज रोडवर मोठ्या पडद्यावर सामना बघायला जमतो, तिथे करू ना काहीतरी. दर वेळी पन्नास-साठ लाल जर्सी असतात. नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला एकही लाल नको. हिरवा-सोनेरी. न्यूटन हीथचे रंग, क्लब १८७८ला सुरू झाला तेव्हाचं नाव. फोटो काढून मँचेस्टरच्या चाहत्यांच्या गटांना पाठवू. त्यांना कळेल की नाशकातही लोक त्यांच्या बाजूने आहेत.

वॉर्ड_नंबर_सात

हे पटलं. मी रॅटक्लिफना अजून एक मोसम देणार, पण ग्लेझरांविरुद्ध उभा राहायला तयार आहे. स्कार्फ मिळणार कुठे?

देवळाली_कॅम्प

ऑनलाइन मागवलेले क्लबचे अधिकृत निघाले तर पैसे पुन्हा तिकडेच. मेन रोडवर हिरवं आणि पिवळं साटीन सहज मिळतं, शिवून घेऊ. माझ्या ओळखीच्या एक काकू ढोल पथकांचे शेले शिवून देतात, त्यांना विचारते. मुलींच्या संघासाठीही चार-पाच जास्तीचे करू.

ॲनफिल्डची_लेक

मी आले तर चालेल का? रंग हिरवा-सोनेरी असेल तर मला घालायला काहीच अडचण नाही.

गोदाकाठचा_लाल

ताई, तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची. ७७व्या मिनिटाचं तिथेही सांगा.

आकडेमोड साहेब, जर्सीचा हिशोब समजला. तरी मी घेणार नाही, ते माझ्यापुरतं. कुन्हा वुल्व्ह्जकडून ६ कोटींच्या वर देऊन आणलाय, चांगला खेळाडू आहे, मी त्याच्यासाठी ओरडेन. पण तो ३-४-३साठी आणलाय, आणि अमोरिमला डिसेंबरात काढलं तर त्याचं काय, हे विचारल्याशिवाय राहणार नाही.

देवळालीच्या ताई, स्कार्फचा खर्च किती येतो ते इथे टाका. हाताच्या मापाने पाच फूट लांब, अर्धा फूट रुंद, मधोमध शिवण आणि दोन्ही टोकांना झालर. कापड जाड घ्या, ऑगस्टात पाऊस असेल. ज्यांना हवाय त्यांनी खाली हात वर करा.

सिडको_स्ट्रायकर

दोन. एक भावाला.

निफाडची_बाग

माझे तीन धरा. पिंपळगावहून येतो आम्ही, पडदा लागायच्या आधी जागा धरून ठेवा.

पेठेतला_पाहुणा

एक. आणि त्या दिवशी ढोल लागणार असेल तर सांगा, घरी आहे.